हिरोच्या पाण्यावरचा दगड

...आणि वर मलाच शहाणपण शिकवतात! "म्हातारं कुत्रं हाय, माळाला सोड की, साताऱ्याला कशाला न्यायचं?" अख्खी गल्ली हेच म्हणत होती. गल्लीचं सोडा, माझा पोटचा पोरगा सुहास मुंबईवरून म्हणतो, "आई, वय झालं त्याचं. उगं दवाखाने करू नको." आणि फोन ठेवला.

तेरा वर्षांपूर्वी हेच पिल्लू शर्टात घालून यानंच घरी आणलं. हिरो नाव पण यानंच ठेवलं.

महिना झाला, हिरो सारखा पाणी प्यायचा आणि ओसरीभर मुतायचा. आमच्या म्हसवडकडं पाणी टँकरचं... मी बादलीवर ताट झाकलं, वर दगड ठेवला. ओसरी भिजली की खराटा पण हाणला. खोटं कशाला बोलू.

मग त्यानं भाकरी सोडली, उलट्या सुरू झाल्या. शेजाऱ्यांच्या जीपमधून मांडीवर घेऊन सातारा गाठलं. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. तिनं हिरोचा ओठ वर केला तर हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या... रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. किडनी आणि लिव्हर, दोन्ही खराब.

"मावशी, पाणी किती पितो?"

"लय पितो. म्हणून तर झाकून ठेवते मी."

तिनं रिपोर्ट माझ्यापुढं धरला. मग म्हणाली, "किडनी बिघडली की अंगातलं पाणी लघवीतून निघून जातं, मावशी. त्याची तहान भागतच नाही. पाणी कधी झाकू नका."

घरी येऊन आधी बादलीवरचा दगड काढून फेकला.

मग पातेलं भरून त्याच्या पुढ्यात ठेवलं. जीभ कोरडी पडलेली, तरी पिईना. आधी माझ्या हाताकडं बघत बसला, मारते का काय म्हणून... "पी रं बाबा" म्हटलं, तवा प्यायला. मी तिथंच बसून रडले.

आता सलाईन, गोळ्या, पथ्य चालू आहे. बरा होणार नाही, पण आहेत ते दिवस सुखाचे जातील असं डॉक्टरीण म्हणाली. तेवढं तरी मी करणार. कोण हसतंय ते हसू दे.

सुहास, तवापासून तू माझा फोन उचलत नाहीस, पण फेसबुक रोज बघतोस. मोटारसायकल दारात थांबली की हा अजून मान वर करून बघतो, तूच आलास म्हणून. येणार का न्हाई, ते शुक्रवारपर्यंत इथंच खाली लिही. आणि 'बघतो' असलं उत्तर मला चालणार नाही.