साठ समित्या आणि पाच बायका

आमच्या घरी कुठलाही कार्यक्रम असला की यादी मी करते. मंडप, हार, शाली, नारळ, चहाचे कप. बॅनरवरच्या नावांचा क्रम मात्र माझ्याकडे नसतो. तो सासरे ठरवतात आणि त्याला इतका वेळ लागतो की तोवर माझा अख्ख्या गावाचा स्वयंपाक उरकतो. एकदा सोसायटीच्या चेअरमनचं नाव उपसरपंचाच्या खाली छापलं गेलं, तर त्यांच्या घरचं एकही माणूस आमच्या घरच्या लग्नात जेवायला बसलं नाही.

अशा घरात वाढलेली माझी लेक बारावीच्या पहिल्या चाचणीत गणितात नापास झाली, याचं मला नवल वाटलं नाही. प्रश्न होता: पाच माणसांतून तिघांची समिती किती प्रकारे निवडता येईल? उत्तर दहा. तिनं लिहिलं साठ. पुढचं बायनॉमियलचं, नाणी उडवण्याचं गणितही त्याच मोजणीवर उभं, त्यामुळे तेही गेलं.

सासऱ्यांनी पेपर बघितला. "साठच बरोबर हाय की!"

"आबा, सर म्हणतात, समिती निवडताना क्रम बघायचा नसतो."

"क्रम न्हाई? मग खुर्च्या कशा मांडायच्या? तुझ्या सरानं कधी समिती बघितली का नुसतीच शिकवली?"

चूक सरांची ठरली, शिक्षा पोरीला झाली. "दुसऱ्या चाचणीत बी असंच झालं, तर आष्टीचं कॉलेज बंद. बाहेरून परीक्षा दे. तवर आमी स्थळं बघतो."

तिनं रडून घेतलं आणि पुन्हा साठच काढले. सूत्र तिला पाठ होतं. पण तीन माणसं एकत्र बसली आणि त्यांत वरचा कोणी नाही, हे तिच्या डोक्यात शिरेना. शिरणार कुठून? तिनं तसं कधी बघितलंच नव्हतं.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात चेअरमनचा सत्कार आमच्या ओसरीवर होता. मी यादी करत होते, ती वही घेऊन शेजारी बसली.

"हे बघ," मी म्हटलं, "घरात आम्ही पाच बायका. तुझी आजी, आत्या, दोन्ही काकू आणि मी. ओवाळायला तिघी लागतात. समज, आजी, मी आणि धाकटी काकू."

"बरं."

"आता धाकटी काकू, आजी आणि मी. काय बदललं?"

"काहीच नाही. त्याच तिघी."

"पहिली कोण, हे कुणी विचारतं?"

"तुम्हाला कोण विचारतंय?" ती हसली. मग हसता हसता थांबली. "आई, म्हणजे त्याच तिघींना मी सहा-सहा वेळा मोजतेय."

साठाला सहानं भागून तिनं दहा लिहिले. लगेच पुढचं गणितही घेतलं: नाणं पाच वेळा उडवलं, नेमके तीन छापे पडण्याची शक्यता किती? पाच जागांतून छाप्याच्या तीन जागा निवडायच्या, दहा प्रकारे. एकूण शक्यता बत्तीस. बत्तीसात दहा. "छाप्यांना कुठला आलाय मान," ती म्हणाली, "ते तुमच्यासारखेच." एवढं नेमकं तिच्या सरांनीही सांगितलं नसेल. मला मात्र ते लागलं.

दुसऱ्या चाचणीत ती चांगल्या मार्कांनी पास झाली. सासऱ्यांनी पेढे आणले, स्थळांचा विषय गिळला आणि नातीच्या अभिनंदनाचा बॅनर छापायला सांगितला. खाली शुभेच्छुक सहा: ते स्वतः, चेअरमन, उपसरपंच आणि आणखी तिघे. गणिताशी एकाचाही संबंध नाही. माझं नाव नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

परवा मी विचारलं, "बॅनर कधी लागणार?"

"चेअरमन आधी का उपसरपंच, तेवढं ठरू दे, सूनबाई."

लेक सायकल काढत होती. "आबा, सहा नावं म्हणजे सातशे वीस बॅनर होतात. करा निवांत," म्हणाली आणि आष्टीची गाडी धरायला गेली.

बॅनर अजून छापखान्यातच आहे.