अटीबहाद्दर पुष्करभाई

धोराळा नगरपालिकेतले हेडक्लार्क पुष्करभाई अंताणी नोकरी करत नसत, कला जोपासत. निदान स्वतः ते तसंच सांगत. कला अशी की कुठलीही जागा, कुठलाही ठेका ज्या माणसाला द्यायचं आधीच ठरलंय, त्याच्याच अंगाला घट्ट बसतील अशा अटी लिहायच्या. जाहिरात अख्ख्या सौराष्ट्रासाठी, पण बसणार एकट्यालाच. एकदा पाणीपुरवठ्यावर माणूस घ्यायचा होता, तेव्हा ‘अर्जदाराचे वास्तव्य टाकीपासून दोनशे मीटरच्या आत असावे’ ही अट त्यांनी काढली. टाकीच्या दोनशे मीटरमध्ये तेव्हाच्या प्रमुखांच्या, म्हणजे नगराध्यक्षांच्या, मेहुण्याचं घर होतं आणि एक म्हशींचा गोठा होता. म्हशींनी अर्ज केला नाही.

सकाळी शिरस्त्याप्रमाणे गाठिया आणि तळलेली मिरची, मग पांढराशुभ्र सदरा, खिशाला शाईचं पेन, आणि अकराच्या ठोक्याला खुर्ची. तीन पिढ्या आमच्या घरात लेखणी चालते, संस्थानी दरबार गेला तरी लेखणी गेली नाही, हे ते नव्या शिपायाला पहिल्याच दिवशी ऐकवत. छत्तीस वर्षांत त्यांनी एक रस्ता बांधला नाही, एक दिवा लावला नाही, एका माणसाचं काम पहिल्या फेरीत केलं नाही. पण टेबलापुढे रांग कायम. ती रांग पाहिली की त्यांची छाती दोन इंच फुगायची.

आता सप्टेंबरअखेर ते निवृत्त होणार होते, आणि त्या विचारानं त्यांची पाचावर धारण बसली होती. घरी कोण विचारणार? बायको भाजीसुद्धा त्यांना न विचारता आणायची. म्हणून त्यांना हवी होती एका वर्षाची मुदतवाढ. करारावर चालेल, कशीही चालेल, पण खुर्ची तीच आणि टेबलही तेच. ती फाइल प्रमुख रवजीभाईंच्या हातात होती आणि रवजीभाई ताकास तूर लागू देत नव्हते.

अशात गांधीनगरहून पत्र आलं. प्रत्येक नगरपालिकेनं सहा महिन्यांसाठी एक विद्यार्थी प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यावा, म्हणजे तरुणांना कारभार समजेल.

पुष्करभाई हसले. "कारभार समजेल म्हणे! छत्तीस वर्षं आम्ही कुणाला समजू दिला नाही, तो पोरांना सहा महिन्यांत समजणार."

दुपारी रवजीभाईंनी बोलावून घेतलं. तळहातावर मावा मळत म्हणाले, "अंताणी, ही विद्यार्थ्याची जागा निर्माण करायचीय. नियमात हां, अगदी नियमात."

"नाव सांगा, साहेब."

"माझा भाचा मिलन. बहीण रोज फोन करून डोकं खाते." रवजीभाईंनी खण उघडून एक रंगीत कागद पुढे सरकवला. "याच्यात सगळी माहिती आहे. एवढं नीट बसवा, मग तुमच्या मुदतवाढीचं बघू."

कागदावर वरती गणपती होता, खाली सूट घातलेल्या मिलनचा गुलाबाच्या कुंडीपाशी काढलेला फोटो. तो लग्नाचा बायोडेटा होता. एम.कॉम. पहिलं वर्ष, बी.कॉम. प्रथम वर्ग, एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट, गुजराती टायपिंग, खो-खोमध्ये राज्यपातळी, निर्व्यसनी, उंची पाच फूट नऊ. आता, ज्या गृहस्थांनी स्वतःच्या पुतणीची चार फूट अकराची उंची तिच्या बायोडेट्यात पाच फूट दोन केली होती, त्यांना असल्या कागदाची लायकी ठाऊक नसावी? पण खुर्चीची हाव सुटली की माणसाला अक्षर दिसतं, त्याचा अर्थ दिसत नाही. पुष्करभाईंनी चष्मा पुसला आणि ओळीनं अटी उतरवल्या. एम.कॉम. पहिल्या वर्षाचाच विद्यार्थी, बी.कॉम. प्रथम वर्गातच, ‘सी’ सर्टिफिकेट, टायपिंग, खो-खो, निर्व्यसनी. उंचीची अट मात्र जीव तुटत असतानाही गाळली. बाहेरच्या कुणाला दमच मिळू नये म्हणून मुदत दिली पाच दिवसांची, त्यातले दोन सुट्टीचे. वर सातवी अट घातली, सर्व गुणपत्रके अर्जासोबतच जोडावीत, मागाहून स्वीकारली जाणार नाहीत. जाहिरात छापून आली ती बेसण्याच्या, म्हणजे दुखवट्याच्या, चौकटींखाली. त्या रात्री ते समाधानानं झोपले.

अर्ज दोनच आले. मिलनच्या अर्जाला तोच गणपतीचा कागद टाचलेला होता आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘मार्कशीट नंतर’.

चीफ ऑफिसर ठाकर मॅडम दोन महिन्यांपूर्वीच बदलून आल्या होत्या, वयानं पुष्करभाईंच्या मुलीएवढ्या. त्यांनी कागद उलटापालटा केला. "अंताणीसाहेब, सातवी अट काय म्हणते?"

"मॅडम, ती... सर्वसाधारण स्वरूपाची असते."

"मोठ्यानं वाचा ना."

पुष्करभाईंनी वाचली. आपलंच अक्षर इतकं कडू लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. रवजीभाई खिडकीबाहेर पाहत राहिले.

दुसरा अर्ज अवनी ठुंमर नावाच्या मुलीचा. एकूण एक अटीत चपखल, सगळ्या गुणपत्रिका टाचलेल्या. मुलाखतीला आली ती ओढणी सावरून सरळ खुर्चीत बसली.

"ही जाहिरात आम्हालासुद्धा शोधावी लागली," मॅडम म्हणाल्या. "तुला कशी दिसली?"

"मला नाही दिसली मॅडम, मम्मीला दिसली. ती जेवण झालं की पेपर अख्खा वाचते, बेसणीसुद्धा. वाचता वाचता ओरडलीच. म्हणे, अगं अवनी, मिलनचा बायोडेटा पेपरात आलाय!"

"म्हणजे?"

"गेल्या महिन्यात यांच्या भाच्याचं स्थळ आलं होतं मला." तिनं रवजीभाईंकडे पाहून नमस्कार केला. "मी एम.कॉम.ला, तर मुलगाही एम.कॉम.ला. मला खो-खो, तर त्यालाही खो-खो. मम्मी खूश, काय जोडी जमलीय! पप्पांनी कॉलेजात जाऊन विचारलं, तर त्याचे बी.कॉम.चेच दोन विषय राहिलेले. माझा बायोडेटा आधी मागवून त्यावरून त्याचा बनवला होता त्यांनी. म्हणून मग आम्ही नाही म्हणालो. पण मम्मी म्हणाली, यातलं सगळं तुझंच आहे, तर अर्जही तूच टाक."

मॅडमना खोकल्याची उबळ आली. छत्तीस वर्षांतला पुष्करभाईंचा सर्वांत घट्ट बसलेला अंगरखा तयार झाला होता, आणि तो नेमका ह्या मुलीच्या मापाचा होता.

बाहेर व्हरांड्यात रवजीभाईंनी त्यांना गाठलं. "वा अंताणी! माझ्या बहिणीची अब्रू पंचायतीत मांडलीत."

"साहेब, कागद तुम्हीच..."

"तुमची फाइल मॅडमकडे पाठवतोय. शिफारस नाही, विरोधही नाही. त्या आणि तुम्ही, काय ते बघून घ्या."

मॅडमनी अवनीची नेमणूक आणि पुष्करभाईंची फाइल एकाच आदेशात उरकली. प्रशिक्षणार्थीनं हेडक्लार्कच्या टेबलापाशी बसावं, तिथलं काम शिकावं आणि त्याचं टिपण द्यावं. त्या टिपणातून कामाचा बोजा दिसला तरच मुदतवाढ. पुष्करभाईंनी सुस्कारा सोडला. बोजा? माझ्या टेबलाचा बोजा दाखवायला हवाच कशाला, रांग बघा की!

पहिल्या दिवशी त्यांनी अवनीला चहा सांगायला पाठवलं. ती शिपायाला सांगून परत येऊन बसली, वही उघडून.

"काका, कुठून सुरू करू या?"

"बघत राहा. बघून बघून येतं. मला काही कुणी शिकवलं नव्हतं."

ती बघत राहिली, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. रांगेतल्या दहातली आठ माणसं एकाच कामाला येतात, हे तिच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. घरधनी वारला की घरपट्टीच्या वहीत वारसाचं नाव लावायचं, त्याला धोराळ्यात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी संमती लागायची. शेजारी म्हणजे ज्याच्याशी गटारावरून, भिंतीवरून, नाहीतर माकडांना खाऊ घालण्यावरून भांडण चालू असतं तो माणूस. तो सही कशाला देतोय? मग माणसं पुष्करभाईंकडे यायची, सवलत मागायला. पुष्करभाई चार-पाच फेऱ्या मारायला लावत आणि मनात आलं की सवलत देत, देवळातल्या पुजाऱ्यानं तीर्थ द्यावं तशी. त्यांचा सगळा दरारा एवढ्यावर उभा होता.

रंभामा अकराव्यांदा आल्या होत्या. नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं, गुडघे धरलेले, जिना चढून दम लागलेला.

"भाई, तो देवशी सही देत नाही रे. म्हणतो, आधी पन्हाळीचं तोंड फिरव. पन्हाळ फिरवली. आता म्हणतो तुळस हलव. तुळस कशी हलवू?"

"मा, नियमापुढे मी कोण? पुढच्या सोमवारी या."

त्या उठल्या, जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. अवनी बघत होती.

"काका, हा नियम कुठला?"

"नगरपालिकेचा."

"पुस्तकात नाही. मी पाहिलं."

"मग ठरावात असेल. चालत आलेलं आहे, अवनीबेन. सगळं पुस्तकात नसतं."

"ठराव कुठल्या सालचा?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पुष्करभाईंना साल विचारलं होतं. त्यांनी तिला रागानं रेकॉर्डच्या खोलीची किल्ली दिली. वाटलं, झुरळं पाहून दोन दिवसांत पळेल. ती बारा दिवस तिथं बसली. गावात एक ते चार सगळं बंद, माणसं झोपलेली, त्या वेळातही बसली. तेराव्या दिवशी तिनं सत्त्याण्णव सालची फाइल आणून टेबलावर ठेवली.

ठराव नव्हताच. तेव्हाच्या प्रमुखांचं एका विरोधी मेंबराशी वाकडं होतं. त्याचा बाप वारला आणि त्याच्या नावावर घर होऊ द्यायचं नव्हतं. तेव्हा तिशी-पस्तिशीतल्या एका हुशार कारकुनानं शेरा मारला होता, ‘उभय शेजाऱ्यांची संमती घ्यावी. या प्रकरणापुरते.’ पुढच्या फाइलवर त्याच अक्षरात ‘पूर्वीप्रमाणे’. मग पुढच्या, आणि मग बावीस वर्षं सगळ्यांवरच ‘पूर्वीप्रमाणे’.

पुष्करभाईंनी ते अक्षर ओळखलं. खरी गोष्ट ही की त्यांनासुद्धा आठवत नव्हतं. ज्या नियमापुढे ते बावीस वर्षं हात जोडत आले आणि लोकांना जोडायला लावत आले, तो त्यांनीच एका दुपारी कुणाची तरी मर्जी राखायला खरडला होता. त्या एका ओळीपायी गावातल्या किती विधवा किती जिने चढल्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि ठेवला असता तर तो वाचता आला नसता. कीव करायची तर त्या जिन्यांची करावी. पुष्करभाईंची करण्यात अर्थ नाही.

मॅडमनी त्याच आठवड्यात अट रद्द केली. खालच्या खिडकीवर अर्ज, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा कागद द्यायचा, पंधरा दिवसांत नाव लागेल, अशी पाटी लागली. गुरुवारी पुष्करभाईंच्या टेबलापुढे तीन माणसं होती. शुक्रवारी एक होता, तो पाणी कुठं मिळेल हे विचारायला आलेला. सोमवारपासून कुणीच नाही.

पुष्करभाई अकराला येऊन बसत. पेनात शाई भरत, जुन्या फाइली डावीकडून उजवीकडे ठेवत. शिपाई चहा आणायला विसरू लागला. दुपारी घरी गेले की बायको विचारायची, "आज लवकर?" ते म्हणायचे, "काम हलकं होतं," आणि पाठ करून झोपायचे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अवनीनं टिपण लिहिलं. मॅडमना देण्याआधी ते घेऊन ती त्यांच्यापाशी आली. मुलगी खोचक होती, पण उर्मट नव्हती.

"काका, तुमच्या कामाचं टिपण आहे. तुम्ही वाचून बघा. माझ्याकडून काही राहिलं असेल तर सांगा, मी घालते."

अर्धं पान होतं. हेडक्लार्क येणारी पत्रं शाखांना वाटून देतात, हे काम आता संगणकावर होतं. सभेचं इतिवृत्त लिहितात, सभा दोन महिन्यांतून एकदा होते. वारसनोंदीच्या अटीत सवलत देण्याचं काम होतं, ती अट आता नाही. ही अट रद्द झाल्यापासून या टेबलाशी कामासाठी कुणी आलेलं नाही. एवढंच.

पुष्करभाईंनी पेनाचं टोपण काढलं. एका ओळीच्या चौदा ओळी करणारा हात होता तो. त्यांनी कागदाच्या रिकाम्या अर्ध्यावर निब टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. शाईचा एक ठिपका पडला. खाली खिडकीशी कुणीतरी हसत होतं, एकाचं काम झालं असावं.

"ते शेवटचं वाक्य," पुष्करभाई म्हणाले, "ते काढता येईल?"

"खोटं आहे का, काका?"

त्यांनी टेबलापुढच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले, आणि कागद तिच्या हातात परत दिला.