मुक्या घंटा

डोंगरातल्या सोनराइन गावात सपाट जागा म्हणाल तर चर्चचं अंगण आणि त्याला लागून कबरस्तान, एवढीच. बाकी सगळा उतार. शेतातली माती वर्षभर खाली घसरते आणि बर्फ वितळला की ती टोपल्यांनी पुन्हा वर वाहून न्यावी लागते. खालच्या गावचे लोक चिडवतात, की इथं कोंबड्यांनाही नाल ठोकतात. क्रेसेन्झ याच उतारावर जन्मली, आणि लग्न होऊन चार घरं वर गेली. तेवढ्यालाही ती "सासर फार लांब पडलं बाई" म्हणायची.

तरणी पोरं एकेक करून दरीतल्या हॉटेलांत कामाला गेली. धुराडं पेटणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्या वर्षी गावची गुरं उन्हाळ्यापुरती वरच्या कुरणावर न्यायला कुणी मिळेना, तेव्हा खालच्या गावातला एक शाळकरी पोर हाताखाली घेऊन क्रेसेन्झचा म्हातारा नवरा कासिआन उठला. हिवाळ्यातच त्याच्या छातीत कळ आली होती आणि डॉक्टरनं चढण बंद केली होती.

"चढण बंद? मग मी घरातून शेतात जाऊ कसा?" कासिआन म्हणाला.

"जा, जा! मेलास तर मला सांगायलासुद्धा येऊ नकोस," क्रेसेन्झ कडाडली, आणि त्याच्या पिशवीत खारवलेल्या मांसाचा मोठा तुकडा कोंबला.

हे बोलणं तिला उन्हाळाभर खात राहिलं. जिभेला हाड नाही म्हणतात ते उगाच नाही. वरून निरोप यायची सोय नव्हती. जे काही कळायचं ते गुरं उतरतील तेव्हाच. उन्हाळा सुखाचा गेला असेल तर गायी डोक्यावर फुलांचे मुकुट मिरवत, मोठ्या घंटा वाजवत येतात. वर कुणी दगावलं, माणूस असो की जनावर, तर मुकुट नाहीत, आणि घंटांत गवत कोंबून त्या मुक्या करतात.

गुरं उतरायच्या दिवशी अख्खं गाव चर्चच्या अंगणात जमलं. अख्खं म्हणजे किती, तर एका बाकावर आणि भिंतीच्या कठड्यावर मावेल एवढं. वळणावर पहिली गाय दिसली. डोकं बोडकं होतं. मागची गायही तशीच, आणि आवाज फक्त खुरांचा.

शेजारच्या रोमेडियुसनं टोपी काढली. क्रेसेन्झ बाकावरून उठली.

"बस गं, क्रेसेन्झ. मी बघून येतो," रोमेडियुस म्हणाला.

"तू बस! नवरा माझा आहे."

ती धावली. त्या वयात, त्या चढावर, पुढे चालणाऱ्या पोराला मागे टाकत, गायींना कोपरांनी ढकलत धावली. कळपाच्या शेवटी, धुळीत, काठी टेकत कासिआन येत होता. मान खाली घातलेली, डोळे लाल.

"क्रेसेन्झ, कसं सांगू तुला... आपली गेर्ला गेली. कड्यावरून पडली. मी हाक मारेपर्यंत—"

गेर्ला त्यांची सगळ्यात दुभती गाय. क्रेसेन्झनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. क्रेसेन्झ वाटेतच मटकन खाली बसली आणि खदाखदा हसायला लागली.

"अगं, गाय मेली आणि हसतेस काय?" मागून धापा टाकत आलेला रोमेडियुस म्हणाला. "डोकं फिरलं की काय हिचं!"

"फिरू दे! गाय मेली रे, रोमेडियुस, गायच मेली!" तिनं कासिआनचा हात दोन्ही हातांनी धरला आणि घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे शेजारी दुखवट्याला आले. क्रेसेन्झनं त्यांना घरची दारू पाजली, तळलेल्या पुऱ्या वाढल्या. चेहरा पाडायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला, पण जमेना. गेर्लासाठी ती रडली ती पुढच्या आठवड्यात, गोठ्यातली मोकळी जागा झाडताना. पोटभर रडली. मग डोळे पुसून बाहेर आली आणि लाकडं फोडत बसलेल्या कासिआनवर ओरडली, की दुखणेकऱ्यानं कुऱ्हाडीला हात लावायचा नसतो.