घोसाळ्याचं छप्पर

आमच्या खोलीवर घोसाळ्याच्या वेलाचं छप्पर होतं, असं सांगितलं की माझ्या नातवंडांना गंमत वाटते. वाटू दे. सोलापूरच्या वैशाखात भर दुपारी पत्र्याच्या खोलीत ज्यानं पाठ टेकली आहे, त्याला मी काय म्हणते ते कळेल. ते छप्पर माझ्या आईनं उभं केलं, तेही नळाला दिवसाआड पाणी येत असताना. त्यामुळे ही हकिगत मी जरा छाती फुगवूनच सांगणार आहे.

आम्ही शहराच्या पूर्व भागातले, विणकरांच्या वस्तीतले. घरात तेलुगू, दारात मराठी; इथं सगळं मराठीतच सांगते. आईला अम्मा म्हणायचं, वडिलांना नायना. नायना एका चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायचे. अम्मा घरी बसून विड्या वळायची. दहा खोल्यांची रांग, भिंती विटांच्या आणि वर पत्रे. आमची खोली रांगेच्या पश्चिमेच्या टोकाला, म्हणजे दुपारचं ऊन आधी आमच्याकडे पाहुणचाराला यायचं आणि सगळ्यात शेवटी जायचं. सकाळी दहाला पत्रा तापायला लागायचा. दोनच्या सुमाराला डोक्यावर हात नेला तर तव्यावर धरल्यासारखा वाटायचा. विडीची पानं त्या उष्म्यानं वाळून हातात चुरा व्हायची, म्हणून बाया ती भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायच्या. पानांना ओलं पोतं मिळायचं. बायांना काही मिळायचं नाही.

माझं लग्न कुर्डुवाडीला झालं होतं. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपात. राहायला दगडी भिंतींची, उंच छताची रेल्वेची खोली होती. पाऊस हुकलेल्या एका दुष्काळी सालच्या थंडीत मला दिवस राहिल्याचं कळलं, आणि हिशेब वैशाखाचा निघाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलंच. पण सासूबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं, पत्र्याच्या खोलीत वैशाखात बाळंतपण होणार नाही. त्यांचं चूक नव्हतं. मागच्याच उन्हाळ्यात आमच्या रांगेतल्या मधल्या घरचं महिन्याचं मूल उष्म्यानं गेलं होतं. सकाळी पीत होतं, संध्याकाळी नव्हतं. ती बातमी कुर्डुवाडीपर्यंत पोचली होती.

अम्मा मला भेटायला आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या तोंडावरच हे सांगितलं. अम्मानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चैत्र संपायच्या आत तुमी या. भर दुपारी या. खोलीत बसून बघा. उकडलं तर लेकीला घेऊन जावा, मी एक शब्द बोलनार न्हाय."

मला त्या वेळी अम्माचा रागच आला. खोलीचा पत्रा काही बोलून गार होणार नव्हता. आणि सासूबाई मला परत घेऊन गेल्या असत्या तर जन्मभर माझ्या माहेराचं नाव 'ती पत्र्याची खोली' असंच पडलं असतं. मी तोंडाची फटकळ. स्टेशनवर पोचवायला गेले तेव्हा अम्माला विचारलं, "काय करणार आहेस? पंखे लावणार आहेस?" ती गाडीत बसली आणि खिडकीतून म्हणाली, "तू खाऊन पिऊन नीट ऱ्हा."

तिच्या डोक्यात काय होतं ते मला फाल्गुनात कळलं. सातवा सरत आला आणि मी माहेरी आले, तेव्हा खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला तीन वेल चढलेले होते. दोन दाराच्या बाजूला, एक मागच्या कोपऱ्यात. विडीची पानं भिजवलेलं काळपट पाणी अम्मा वर्षानुवर्षं मागच्या कोपऱ्यात फेकायची, आणि दुष्काळातही तेवढ्या हातभर जागेत गवत हिरवं राहिलं होतं. शेजारची कुत्री दुपारी तिथंच येऊन पडायची. कुत्र्याला कळतं ते आपल्याला का कळू नये, असा तिचा साधा विचार. माघाच्या सुरुवातीला तिनं तीन खड्डे खणून शेणखत घातलं आणि घोसाळ्याच्या बिया लावल्या.

वेल चढवायला सुतळी विकत आणली नव्हती. नायना कारखान्यातून तुटक्या सुताचे गुंते आणायचे, अम्मा त्याचे पीळ घालून दोर वळायची. लाल, निळे, पिवळे, हिरवे. आमच्या भिंतीला जणू चादरीचा काठच लावला होता. वर मात्र अडचण होती. तापल्या पत्र्याला वेलाचं कोवळं टोक टेकलं की दुपारपर्यंत जळून जायचं. पहिली दोन टोकं तशीच गेली. मग अम्मानं पत्र्यावर विटा मांडल्या, विटांवर तुराट्या आडव्या-उभ्या बांधल्या, आणि वेल पत्र्यापासून वीतभर उंच चालवला. मधून वारा खेळायला लागला. ही अक्कल तिला कुणी शिकवली नव्हती. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई ती.

रांगेतल्या बाया हसायच्या. "भाजी खायाची म्हून एवढा खटाटोप व्हय? बाजारात जावं की," असं एक म्हणायची. दुसरी म्हणायची की वर विंचू होतील. अम्मा विडीला दोरा गुंडाळत हसायची आणि विषय बदलायची. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. रांगेत ज्या घरचं मूल गेलं होतं, त्या घराच्या दारात उभं राहून ते सांगणं तिला जमलं नसतं.

आणि मग नायनांनी घोटाळा केला.

नायना मुळात भोळे. बायको एवढी राबतेय, आपण काही करावं असं त्यांना फार वाटायचं. कारखान्यात रंगवलेलं सूत चार-चार पाण्यातून धुवायचे. पहिलं धुवण गडद, दुसरं फिकट, आणि शेवटचं अगदी निवळ. तेवढं पाणी गटारात जाताना दुष्काळात त्यांचा जीव तुटायचा. एके दिवशी त्यांनी सायकलला दोन्ही बाजूंना तेलाचे रिकामे डबे बांधले आणि ते शेवटचं धुवण घरी आणलं. अम्मा विड्या पोचवायला गेली होती. नायनांनी मोठ्या प्रेमानं दाराजवळच्या दोन्ही वेलांना एकेक डबा ओतला. मी दारातच बसले होते. मीही कौतुकानं बघत होते. सलग चार दिवस त्यांनी तेच केलं. अम्माला अचानक सांगून चकित करायचं, असं आम्हा दोघांचं ठरलं होतं.

रंगाऱ्याच्या डोळ्याला ज्यात रंग दिसत नाही ते पाणी स्वच्छ. रंग पक्का करायला घातलेला सोडा आणि मीठ डोळ्याला दिसत नाही. पाचव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, सातव्या दिवशी दोन्ही वेल माना टाकून भिंतीला लोंबायला लागले. अम्मानं मुळाशी बोट खुपसलं, माती जिभेला लावली आणि थुंकली. नायना खाली मान घालून उभे होते.

"कुटलं पानी घातलं?" तिनं विचारलं.

"शेवटच्या धुवनाचं," नायना म्हणाले. "आरशावानी सोच्च होतं की."

 दोन दिवस अम्मा भिंतीकडे तोंड करून विड्या वळत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मी पाहिलं होतं आणि गप्प बसले होते. पाडवा चार दिवसांवर आला होता. सासूबाई चैत्राच्या शेवटच्या आठवड्यात यायच्या होत्या. छपरावर जायला एकच वेल उरला, मागच्या कोपऱ्यातला, ज्याला फक्त पानांचं पाणी मिळत होतं. तो जोमात होता, पण अख्खी खोली झाकायला त्याला चौपट पाणी हवं होतं, आणि एका घरच्या विड्यांचं पाणी ते किती असणार.

तिसऱ्या दिवशी अम्मा उठली, पदर खोचला आणि रांगेतल्या पहिल्या दाराशी जाऊन उभी राहिली. माझ्या आईनं आयुष्यात कुणाकडे वाटीभर पीठ मागितलं नव्हतं. मी आमच्या दारातून ऐकत होते. ती म्हणाली, "पानं भिजिवलेलं पानी फेकू नगा. मला द्या. माझ्या लेकीचं बाळंतपन हाय, पत्रा गार करायचा हाय." एवढंच. दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारी तेच. पाचवं दार त्या मूल गेलेल्या घरचं होतं. तिथं अम्मा थांबली, आणि पुढं सहाव्या दाराकडे गेली.

त्या संध्याकाळी पहिली बादली आली ती पाचव्या घरातून. त्या गेलेल्या मुलाची आई माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. बादली दोन्ही हातांनी उचलून आणली, मुळाशी हळूहळू ओतली, रिकामी बादली घेऊन उभी राहिली. अम्मा म्हणाली, "तुला इचारायला माझी जीभ वळली न्हाय बाई." ती म्हणाली, "म्हून काय झालं. अजून कोंचा कोपरा उगडा हाय ते सांगा." आणि पदर तोंडाशी धरून निघून गेली. मी आत येऊन रडले.

त्यानंतर पाण्याला तोटा पडला नाही. बाकीच्या नऊ घरच्या बाया पानं कापायला बसायच्या आधी आमच्या कोपऱ्यात बादल्या रित्या करून जायच्या. 'बाजारात जावं' म्हणून हसणाऱ्या बाईनं तर स्वतःहून नियम काढला, की आधी पानाचं पाणी वेलाला आणि मग कामाला बसायचं. नायनांनी मेलेल्या वेलांची खारवलेली माती खणून पाट्या भरभरून लांब नेऊन टाकली, नवी माती आणली आणि त्या जागी अम्मानं पुन्हा बिया लावल्या. नायना रोज कामाला जाताना त्या कोंबांना खाली वाकून बघायचे. पाणी मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं परत कधी घातलं नाही. अम्मानं सांगितलं तरी म्हणायचे, "तूच घाल."

तो एकटा वेल चैत्रात जो काही धावला. रोज सकाळी बघावं तर हातभर पुढं. अम्मा शिडीवर चढून त्याचे फाटे तुराट्यांवर पसरवायची, एकही पान दुसऱ्यावर पडू द्यायची नाही. सासूबाई आल्या तेव्हा खोलीचा निम्म्याहून जास्त भाग झाकला होता, दाराकडचा तेवढा उघडा होता.

त्या ठरल्याप्रमाणे भर दुपारीच आल्या. आल्या त्या दारातच बसल्या, म्हणजे नेमक्या उघड्या पत्र्याखाली. पदरानं वारा घेत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघितलंस न्हवं?" माझं तोंड उघडणार तेवढ्यात अम्मानं मला डोळ्यांनी गप्प केलं. ती म्हणाली, "विहीणबाई, प्रवासानं दमला असाल. आत आडव्या व्हा." कोपऱ्यात वेलाखाली चटई टाकली. सासूबाई कपाळाला आठ्या घालूनच आडव्या झाल्या. अम्मा विड्या वळत बसली. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज आला. सासूबाई चांगल्या साडेचारपर्यंत झोपल्या. मी मनातल्या मनात एवढी खूश झाले की पोटातल्या बाळानंही उडी मारली.

उठल्यावर त्यांनी पत्र्याकडे पाहिलं. हात वर करून तळवा पत्र्याला लावला आणि तसाच ठेवला. मग दाराकडच्या उघड्या पत्र्याला लावला आणि झटकन काढून घेतला. बाई कडक होती, पण खोटी नव्हती. अम्माला म्हणाल्या, "एवढं दाराकडचं तेवढं झाकून घ्या. ऱ्हाऊ दे पोर हितंच." जाताना चार कोवळी घोसाळी मागून नेली.

वैशाखात, दाराकडचा पत्राही झाकून झाल्यावर, उन्हाची अगदी काहिली होती त्या दिवसांत, दुपारी दोनला माझी मुलगी जन्मली. रांगेतल्या सगळ्या बाळंतपणांना येणारी सुईण होती. उन्हाळ्यातल्या मुलांसाठी तिची एक रीत होती. नाळ कापून, पुसून झालं की ओलं फडकं पिळून खोलीत बाळाच्या अवतीभवती टांगायचं, तासातासाला बदलायचं. मागच्या वर्षी मधल्या घरातही तिनं तसंच केलं होतं. तिनं सवयीनं फडकं मागितलं. पाचव्या घरची ती बाई भिजवून घेऊन आली. सुईणीनं ते पिळलं, बांधायला वर हात केला, आणि हात पत्र्याला लागला. तिनं तळवा पत्र्यावर दाबून बघितला. मग फडकं त्या बाईच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हितं लागनार न्हाय."

ती बाई ओलं फडकं हातात धरून उभी राहिली. मी पडल्या पडल्या तिच्याकडे बघत होते. मला वाटलं ती आता निघून जाईल. तिनं फडक्यानं स्वतःचं तोंड पुसलं, खाली बसली आणि माझ्या लेकीला मांडीवर घेतलं. अख्खी दुपार ती तिला पदरानं वारा घालत बसली. वाऱ्याची गरज नव्हती. कुणी तिला तसं सांगितलं नाही.

अम्मानं नातीला अजून हातात घेतलं नव्हतं. ऊन कलल्यावर ती उठली, कोपऱ्यातल्या बादल्या एकेक करून वेलाच्या मुळाशी ओतू लागली. नायना दारातून म्हणाले, "अगं, आज तरी ऱ्हाऊ दे. आधी नातीचं तोंड बघ."

"उद्या ऊन यायचं ऱ्हानार हाय व्हय?" अम्मा म्हणाली, आणि शेवटची बादली नायनांच्या हातात दिली. "ही तुमी घाला."

नायनांनी बादली घेतली, वाकून पाण्याचा वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं. मग ओतली.