वृषभाच्या शिंगापाशी

माझे यजमान फुलसावंगीच्या शाळेत विज्ञान शिकवत. एकोणीसशे साठनंतर दिवेलागणीला ते दाराच्या चौकटीला धडकू लागले, तेव्हा आम्ही यवतमाळच्या डॉक्टरांकडे गेलो. डोळ्यांचा पडदा वाळत चालला होता. औषध नव्हतं.

परतताना एसटीत ते एवढंच म्हणाले, "फुटलेल्या ताऱ्याचा फोटो राहूनच गेला."

नऊशे वर्षांपूर्वी आकाशात वृषभ राशीच्या शिंगापाशी एक तारा फुटला होता. त्याचा उरलेला धूर अजून तिथंच आहे, असं ते म्हणत. त्यासाठीच त्यांनी घरी काच घासून दुर्बीण केली होती.

"मी पाहीन दुर्बिणीतून. तुमी सांगा फक्त," मी म्हटलं.

दुर्बिणीच्या पाठीवर काचेच्या प्लेटचा कॅमेरा बांधला. दुर्बिणीच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्याचे दोन तंतू आडवे-उभे ताणलेले. शिंगाच्या टोकाचा तारा त्यांच्या फुलीवर तासभर धरायचा आणि तो सरकला की दुर्बीण हलवणारा स्क्रू फिरवायचा. पौषातली थंडी, बोटं माझीच वाटेनात. ते गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन शेजारी बसून होते.

स्वयंपाकघराच्या खिडकीला घोंगडं लावून त्यांनी प्लेट धुतली, तोंडानं आकडे मोजत. सकाळी मी ती उजेडात धरली. काचेवर तारे काळे उमटतात. शिंगाजवळ तिळाहून लहान डाग होता.

"दिसते का? खरं सांग. माह्या समाधानासाठी नको सांगू."

"डाग हाये. पण धूळ बी असन."

"मंग अजून एक काढा लागते."

त्या वर्षी जमलं नाही. आधी ढग, मग चंद्राचा उजेड, तोवर वृषभ मावळतीला गेला. दुसरी प्लेट पुढच्या हिवाळ्यात काढली. दोन्ही काचा जुळवल्या. डाग त्याच जागी होता. मला रडू फुटलं.

"काहून रडून राह्यली? दे इकडं."

त्यांनी काच खिडकीशी धरली, वळवली, डोळ्याला लावली. मग परत दिली. मी त्यांचं बोट धरून त्या जागी टेकवलं.

"गुळगुळीत लागते," ते म्हणाले, आणि बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसले.

उन्हाळ्यात नोकरी सुटली. दुर्बीण त्यांनी शाळेला दिली. नव्या मास्तरांना ती चालवता येईना, म्हणून मला बोलावणं आलं. "तुमी बी चला," मी म्हटलं. ते आले नाहीत.