खालचा नंबर

मी लिहिणारा माणूस नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवरचं माझं लिखाण म्हणजे परीक्षेचे पेपर आणि यवतमाळात मोबाइलच्या दुकानात काम करताना भरलेले अर्ज. ज्या काकांबद्दल लिहितो आहे त्यांचा अर्जही मीच भरला होता, आणि चुकवला होता. माझा अधिकार तेवढाच. सांभाळून घ्या.

काका फोन उचलला की हॅलो म्हणत नसत.

"बोला, जळली का घरघरते?"

लोहाऱ्याला त्यांचं विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करायचं शेड होतं. फोन करणाऱ्याची मोटर एकतर जळलेली असणार नाहीतर नुसती घरघरत असणार. तिसरं काही त्यांना माहीत नव्हतं. एकदा आमच्या काउंटरवर उभे असताना कर्ज देऊ करणाऱ्या कुठल्याशा कंपनीतून त्यांना एका मुलीचा फोन आला. त्यांनी तेच विचारलं. तिने फोन कापला.

"घरघरत असन," काका म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

ते आले होते दोन नंबर घेऊन. जुन्या कंपनीचं नेटवर्क शेडात येईनासं झालं होतं.

"बाबू, दोन्ही दुसऱ्या कंपनीत न्याचे हायेत. पन नंबर हेच पाह्यजेत. एक आकडा इकडचा तिकडं नाई झाला पाह्यजे."

"नाही होत, काका. फक्त मधे दोन-चार तास फोन बंद राहील."

"दोन-चार तास? आन् तवढ्यात कोणाची जळली म्हंजे?"

दोन्ही फोनवरून मेसेज पाठवले, कोड आले, आधार घेतलं, फोटो काढला. एक नंबर तीन दिवसांत नव्या कंपनीत गेला. दुसरा नामंजूर होऊन आला. तेव्हा मी विचारलं, हा कोणाच्या नावावर आहे? हे पहिल्या दिवशी विचारायचं असतं. मी विचारलं नव्हतं.

"भागीदाराच्या," काका म्हणाले.

मी समजावून सांगितलं. भागीदाराला स्वतः यावं लागेल, त्याचा फोटो निघेल, मग नंबर काकांच्या नावावर होईल.

"तो पुसदले राह्यते. जाताना फोन इथंच ठेवून गेला. नऊ वर्षं झाले, बोलत नाई आम्ही."

"कशावरून?"

"त्याले लोहारा सोडाचा होता, मले नव्हता सोडाचा. बास."

"मग तो नंबर सोडून द्या ना, काका. एक आहेच."

त्यांनी दोन्ही फोन खिशात टाकले. रविवारी मला गाडीवर मागे बसवून राळेगावकडे घेऊन गेले. एका विहिरीजवळ थांबले, मोटरच्या स्टार्टरची पेटी उघडली. झाकणाच्या आतून लाल ऑइलपेंटने दोन नंबर लिहिले होते. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटरच्या पेटीत ते दोघं असे लिहीत. वर काकांचा, खाली भागीदाराचा. वरचा घासून गेला होता. खालचा कालच लिहिल्यासारखा होता.

"झाकन उघडताना हात वरच्या बाजूले लागते," काका म्हणाले. "रोजचा हात. वरचा जाते, खालचा राह्यते."

आम्ही आणखी चार पेट्या पाहिल्या. चारही तशाच.

"नंबर बंद पडला त लोकं कोनाले फोन करतीन? पिकाचं ओलीत थांबते ना बाबू."

त्यानंतर तो फोन जुन्या कंपनीतच राहिला. शेडाबाहेर हातपंपाशी एका जागी रेंज येई. काका तिथे विटेवर फोन ठेवत, आणि मोटरीत भरायच्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता रिंग ऐकू आली की उठून पळत. परत येईपर्यंत किती वेढे झाले ते विसरत. पुन्हा पहिल्यापासून मोजत.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याला मदत करावी की गप्प बसावं तेच कळत नाही. मी गप्प बसलो नाही. एका जुन्या बिलावरून भागीदाराचा पुसदचा नंबर काढला आणि काकांना न विचारता फोन केला. भागीदारांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यानं सांगतलं का तुले फोन कराले?"

"नाही."

"मंग त्याले म्हन, सोता कर."

मी निरोप सांगितला तेव्हा काका जळक्या मोटरमधून काळी तार ओढून काढत होते. "तू कायले केला बाबू," एवढंच म्हणाले, आणि तार ओढत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मी पुढच्या शिक्षणासाठी अमरावतीला आलो. जाताना त्यांना भेटलो नाही. काही कारण नव्हतं.

मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला. ते ज्यांच्या शेतावर कामाला आहेत त्यांची मोटर बंद पडली होती. बाबांना वाचता येतं ते आकडेच; पेटीतला एकच नंबर दिसतो म्हणाले, आणि एकेक आकडा सांगितला. मी लावला.

"बोला, जळली का घरघरते?"

आवाज काकांचा नव्हता, पुसदच्या भागीदाराचा होता. मी ओळख दिली, नंबर तुमच्याकडे कसा, विचारलं.

"तूच का तो फोनवाला? आलता तो इथं, बसनं. फोन काउंटरवर ठेवला. म्हणे, हा माह्या नावावर होत नाई, तुह्या नावाचा हाय, तूच ठेव. लोकायले उत्तर देत जा. चहा पेला. जास्त काही बोललो नाई आम्ही. साडेचारच्या गाडीनं गेला."

मला बरं वाटलं. निदान चहा प्याले.

"काकांना सांगा, मी विचारलं म्हणून."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"तो दिवाळीच्या आधीच गेला बापा. तुले कोनी सांगतलं नाई?"

"नाही," मी म्हणालो. मग मोटर कोणत्या शिवारात आहे ते सांगितलं, कारण ते लिहून घ्यायला थांबले होते.