आमच्या सोसायटीवरची व्हायकिंग स्वारी

बदलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक संध्याकाळ माझ्या सासऱ्यांच्या ऐतिहासिक नाटकाची असते. ते अंबरनाथच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. नाटक तेच लिहितात, तेच बसवतात आणि राजाही तेच होतात. कपडे, सामान, चहा आणि वेळेवर पडदा ही खाती माझ्याकडे.

त्या वर्षी जुलैतच सेक्रेटरी घरी आले आणि सोफ्याच्या अगदी टोकावर बसले. ते टोकावर बसले की बातमी वाईट असते.

"काका, स्पष्टच बोलतो. मागच्या वेळी मध्यंतरानंतर समोर फक्त तुमच्या घरचे लोक होते."

"सगळे नव्हते," मी म्हटलं. "आमचे हे वडापाव खायला गेले होते."

"तेच ना. या वर्षीही लोक उठून गेले, तर पुढच्या वर्षीपासून ती संध्याकाळ हाउजीला. कमिटीचं ठरलंय."

वर्षभर वाचनालयातून जाड पुस्तकं आणून, दुपारची झोप सोडून सासरे या एका संध्याकाळची तयारी करतात. त्या रात्री त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं आणि तक्रार न करता खाल्ली. मी यादी करायला घेतली.

विषय त्यांनी मुद्दाम वेगळा निवडला होता, कारण राज्याभिषेक शेजारच्या दोन्ही मंडळांत होता. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा युरोप. समुद्रावरून व्हायकिंग दरोडेखोर येतात, किनाऱ्यावरच्या मठात घुसतात, साधूंनी जन्मभर हाताने लिहिलेल्या पोथ्या पायाखाली तुडवतात आणि सोनं लुटतात. मग राजा येतो, त्यांना पिटाळतो आणि देशोदेशीचे विद्वान बोलावून शाळा काढतो. राजाला स्वतःला धड लिहिता येत नसतं, म्हणून तो म्हातारपणी उशीखाली पाटी ठेवून अक्षरं गिरवतो. "असा राजा खरंच होऊन गेला," सासरे सांगत, जणू तो आमच्याच भावकीतला.

दरोडेखोरांचा म्होरक्या म्हणून मी चामटोलीचे टँकरवाले दादा पकडले. आवाज दणदणीत, दाढी स्वतःची, आणि आमच्या ओळखीत पाण्याशी संबंध असलेले तेच एक. त्यांनी आपली चार माणसं आणली. टोपांसाठी मी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका कारखान्यात गेले. तिथे वाढदिवसाच्या टोप्या बनतात.

"शिंगं नकोत," मी मालकांना म्हटलं. "व्हायकिंगांना शिंगं नव्हती, असं आमच्या बाबांचं म्हणणं आहे."

मालक सिंधी, धंद्यात पक्के. "मॅडम, सींग के बिना ये लोग डाकू नहीं, प्लंबर लगेंगे."

सासरे ऐकेनात, मालकांचं बरोबर होतं. मी शिंगं वेल्क्रोने लावून घेतली. सासरे समोर असताना काढायची, नसताना लावायची.

तालमी झकास झाल्या. पोथ्या म्हणून रद्दीचे गठ्ठे होते आणि टँकरवाले दादा ते असे तुडवायचे की खालच्या मजल्यावरून तक्रार आली. सासरे खूश. "पोथ्या तुडवल्या की लोकांच्या काळजात कळ उठली पाहिजे. मग कोण उठून जातंय ते बघू!"

प्रयोगाच्या दिवशी रद्दी बरी दिसेना, म्हणून मी सासऱ्यांच्या कपाटातली खरी पुस्तकं काढली. लाल कापडात नीट बांधली, पाटावर रचली आणि मठ वाटावा म्हणून शेजारी समई लावली. पुठ्ठ्याची बोट तयार, ऐनवेळी शिंगं लावलेले टोप तयार. पडदा वेळेवर वर गेला.

"मारा! लुटा!" ओरडत पाच व्हायकिंग बोटीतून उतरले, धावत मठाच्या दारात आले आणि थांबले. समोर समई, पाट, लाल कापडातल्या पोथ्या. टँकरवाल्या दादांनी खाली वाकून चपला काढल्या. मागच्या चौघांनी काढल्या. एकाने तर सगळ्यांच्या जोड्या सरळ लावून ठेवल्या.

हशा असा उठला की विंगेत सासऱ्यांनी डोकं धरलं. "तुडव! तुडव म्हणावं त्याला!"

दादांना ते ऐकू गेलं. त्यांनी मन घट्ट करून पाय पुढे टाकला. एका पोथीला अंगठा लागला मात्र, ते चटकन वाकले, पोथीला हात लावून कपाळाला लावला. दोन्ही शिंगं गळून पडली. गडबडलेला एक साधू म्हणाला, "बसा ना, पाणी आणतो."

तेवढ्यात राजा तलवार उपसून आला. "नराधमांनो! विद्येचा हा विध्वंस!"

विध्वंस कुठेच नव्हता. एक व्हायकिंग हललेल्या पोथ्या परत रचत होता.

"विध्वंस नाय झाला, मास्तर," दादा म्हणाले. "जरा पाय लागला. नमस्कार केला मी."

राजाची तलवार काखेत गेली आणि आवाज बदलला. "पाय लागलाच कसा? खाली बघून चालता येत नाही? बसा सगळे! दाढीवाले, तुम्ही उभे राहा." त्याने एका पोथीचं लाल कापड सोडून पुस्तक पुढे केलं. "हे वाचा."

"चष्मा गाडीत हाय, मास्तर."

"व्हायकिंगला चष्मा नसतो!"

"मंग वाचू कसा?"

राजाने झग्याखाली हात घालून स्वतःचा चष्मा काढून दिला. समुद्री दरोडेखोराने तो नाकावर चढवला आणि मोठ्याने वाचलं, "युरोपातील मठ हे... विद्येचे... केंद्र होते." टाळ्या पडल्या. मग राजाने प्रश्न विचारायला सुरुवात केली, आधी दरोडेखोरांना, मग प्रेक्षकांना. मागच्या रांगेतल्या आजी हात वर करून उत्तरं देऊ लागल्या. पडद्याची वेळ टळून गेली. मी घड्याळ दाखवत होते, पण एकही खुर्ची रिकामी झाली नाही.

नंतर सासरे विंगेत खांदे पाडून बसले होते. "नाटक पडलं. दरोडाच झाला नाही."

"पण बाबा, हे दरोडेखोर खरंच कधी सुधारले नाहीत का?"

"सुधारले. काही तिथेच राहिले, तिथला धर्म घेतला, भाषा शिकले. पण पिढ्या गेल्या त्यात, सूनबाई! पाच मिनिटांत नाही!"

सेक्रेटरी डोळे पुसत आले. "काका, पुढच्या वर्षीही संध्याकाळ तुमचीच. हाउजी दुपारी घेऊ. पण माणसं हीच पाहिजेत."

सासरे हळूहळू ताठ बसले. त्यांनी टँकरवाल्या दादांकडे रोखून पाहिलं. "पुढच्या वर्षी मंगोल. ते घोड्यावरून खाली उतरतच नाहीत. चपला काढतील कशा?"

"वांगणीला वरातीचा घोडा हाय, मास्तर," दादा म्हणाले. "मी आनतो."

घोड्याला स्टेजच्या पायऱ्या चढता येतील का, ते मी लगेच विचारून घेतलं.